दाजींच्या रिकाम्या जागा

माणसांना इतका कंटाळलेला आणि तरी माणसांवाचून घटकाभर न राहू शकणारा मनुष्य आमच्या दाजींशिवाय दुसरा कोणी असेल, हे मला खरं वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीगोंद्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या हनुवट्या त्यांनी स्वतःच्या बोटांनी वर केल्या आहेत. रुसलेल्या आत्यांना स्टेजवर चढवणं, अक्षता पडताना मध्ये घुसणाऱ्या मोबाईलवाल्यांना कोपराने सारणं, तोंडात घास असलेल्या व्याह्यांना हसायला लावणं, यात त्यांची तीस वर्षं गेली. लग्नसराई संपली की आठ-आठ दिवस ते कोणाच्या तोंडाकडे बघत नसत. "माझ्याशीसुद्धा भिंतीकडं बघून बोलतात," असं ताई सांगायची.

भाची नोकरीसाठी पुण्याला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला आणि दाजींना त्यातले व्हिडिओ गेम सापडले. बंदुका, राक्षस, पळापळ. दाजींनी त्यात आजवर एकही माणूस मारलेला नाही. ऐन लढाईतून ते बाजूच्या गल्लीत शिरतात आणि एखाद्या ओस इमारतीत जाऊन फोटो काढतात. दिवे चालू असलेली पण मुलं नसलेली शाळा, काठोकाठ भरलेला आणि कोणी न पोहणारा तलाव, ताटं मांडून ठेवलेली खानावळ. गेममध्येच फोटो काढायचं बटण असतं, असं भाचीने फोनवर तीनदा सांगितलं, पण दाजींना तो धंद्याचा अपमान वाटला. खिडक्यांना चादरी लावून, पडद्यासमोर ट्रायपॉड रोवून, लग्नातल्याच कॅमेऱ्याने ते फोटो काढत. त्यात स्वभाव भित्रा. लांबलचक बोळ आला की ताईला मेथी निवडायला शेजारी बसवायचे. "बोलू नको, निस्ती बस," एवढीच अट.

एवढी भीती वाटते तर बघता कशाला, असं मी एकदा विचारलं.

"रानात एकटं गेलं तर मला काय वाटत न्हाई, पाहुणं. पन जिथं मानसं असायला पायजेत अन् न्हाईत, तिथं पोटात गोळा येतो. त्यो आल्याबिगर फोटू बराबर येत न्हाई."

या फोटोंचा त्यांनी जाड पानांचा अल्बम केला, तोही 'शुभविवाह' छापलेल्या पुठ्ठ्यात. पारनेरकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची सुपारी द्यायला आले, नमुना म्हणून नेमका तोच त्यांच्या हाती पडला. बारा पानं उलटून झाल्यावर त्यांनी दबकत विचारलं, "नवरी कुठाय?"

"अजून यायची हाय," दाजी म्हणाले. ते काम गेलं.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी दाजी मोटारसायकल घेऊन माझ्याकडे आले. "चला, खरीखुरी जागा दावतो." बरीच वर्षं बंद पडलेल्या एका साखर कारखान्यात जायचं होतं. वॉचमनच्या मुलीच्या लग्नाचे फोटो दाजींनीच काढलेले, म्हणून फाटक उघडलं. आधी आम्ही कँटीनमध्ये गेलो. सिमेंटचे बाक, भिंतीवर चहा-भज्यांच्या दरांची धुळीने भरलेली पाटी. दाजींनी तिथे फक्त एक फोटो काढला, पण त्यासाठी अर्धा तास उभे राहिले. मग आम्ही मोठ्या शेडमध्ये शिरलो. पत्र्यांच्या फटींतून ऊन, गंजलेले पाइप आणि कबुतरांची फडफड. तेवढ्यात मला फोन आला. आवाज नीट येईना म्हणून मी दारापर्यंत गेलो आणि परतलो, तर दाजी नाहीत.

हाक मारली. माझाच आवाज पत्र्यावर आपटून मागे आला. पुन्हा हाक मारली. एका खोलीत डोकावलो, दुसरीत डोकावलो. दाजींचा तो पोटातला गोळा काय असतो, ते मला तिथे कळलं. मग खालून, अगदी हळू आवाजात ऐकू आलं, "पाहुणं, पळू नका. हितला पत्रा हलतोय."

ऊस टाकायची गव्हाण म्हणजे दोन पुरुष खोल लोखंडी खंदक. सगळी शेड एका फोटोत बसवायला दाजी मागे मागे सरकत गेले होते, आणि काठचा पत्रा त्यांच्याखाली वाकला होता. एका कोपराने ते अँगलला लोंबकळत होते, एक पाय सळयांत पिळून अडकला होता. दुसऱ्या हातात कॅमेरा वर धरलेला. मी पोटावर आडवा झालो.

"हात द्या."

"आदी कॅमेरा घ्या."

"दाजी, हात."

"घ्या म्हन्तो ना."

पत्रा कुरकुरला. मी कॅमेरा घेऊन मागे सारला, त्यांच्या गळ्यातला टॉवेल काखेतून ओवला आणि वॉचमनला ओरडून बोलावलं. तो येईपर्यंत टॉवेल माझ्या मुठीतून बोटभर सरकला होता. तोंडाने मात्र मी त्यांना शिव्या घालत होतो, बहिणीचे यजमान आहेत हे पार विसरून. दोघांनी ओढून वर घेतल्यावर दाजी पांढरेफटक पडून म्हणाले, "गेममधी मागं सरकलं की भित्ताड लागतं."

घोट्याजवळ हाड मोडलं होतं. आठवड्याने भेटायला गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर कँटीनचा तो फोटो मोठा करून घेतलेला. छान आलाय, म्हटलं मी.

"माजे वडील हितं फिटर हुते," दाजी म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात हे ताईलाही माहीत नव्हतं. "सहावीपातुर कॉलनीतच हुतो आमी. मग ते गेले, अन् आईनं मामाकडं आनलं. शिफ्ट सुटली की ते मला कँटीनला आनायचे. बसायला जागा मिळायची न्हाई, इतकी मानसं." फोटोवर तळहात फिरवून म्हणाले, "त्या गेममधल्या जागा बघताना सारकं वाटतं, आत्ता भोंगा हुईल अन् समदी येतील."

ताई दारात चहा घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. दाजींनी भिंतीजवळच्या एका बाकावर बोट ठेवलं. "हितं बसायचे ते. मी कडंला."

मी वाकून पाहिलं. बाकावर उन्हाचा एक तुकडा पडला होता, बाकी काही नव्हतं. दाजींनी बोट उचललं नाही. मग ताई आत आली, चहा खाली ठेवून त्यांच्या शेजारी टेकली, आणि "नीट दाखवा, कुठं?" म्हणत तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.