राजीनामा

घरमालकांनी आमच्या बाथरूमचं दार काढून नेलं. रंगवायला नेतो म्हणाले. घरात सासूबाई, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, वॉकर धरून चालणाऱ्या. दाराच्या जागी मी चादर बांधली. आठवडा उलटल्यावर गच्चीवर गेले, तर दार विटांवर आडवं टाकलेलं, रंग जुनाच, आणि त्यावर मालकीणबाईंच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळत होत्या.

कारण मला ठाऊक होतं. तळमजला त्यांना कोचिंग क्लासवाल्यांना द्यायचा होता. करार संपायला अवकाश होता आणि आम्ही निघायला नकार दिला होता. सासूबाईंना जिना चढता येत नाही. तळमजल्याचं घर मिळवायला आधीच पुष्कळ पायपीट झाली होती.

मी इथल्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथली जबलपूरचीच एक मराठी बाई म्हणाली, “काहून भांडून राहिल्या ताई? चलो, दुसरं घर पाहा.” ज्याला सांगावं तो हेच म्हणे. दार परत लावा, असं मालकांना सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं. शहाणपण शिकवायला भाडेकरूच बरा सापडतो.

शेवटी कोर्टातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या कार्यालयात गेले. बाईला पगार असला तरी तिथे फुकट वकील मिळतो, हे मला या वयात कळलं. वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. राहत्या भाडेकरूची सोय मालकाला अशी काढून घेता येत नाही, म्हणाल्या. आधी दोघांना समोरासमोर बसवू, नाही ऐकलं तर दावा लावू. मग सहज म्हणाल्या, “राजीनामा हो जाए तो सबसे अच्छा।”

मी खुर्चीतून उठलेच. “राजीनामा मैं क्यों दूँ? दरवाज़ा तो उन्होंने निकाला है।”

त्या आधी गोंधळल्या, मग हसल्या. इथल्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. मी सांगलीची, मला तो शब्द नोकरी सोडण्यापुरताच माहीत.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “मी जन्मात नोकरी केली नाही. मी कशाचा राजीनामा देऊ?” अर्थ समजावल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मग यात तो मालक काय सोडणार?”

ठरल्या तारखेला मालक त्या कार्यालयात नमस्कार करतच आले. दीदी तर घरच्याच आहेत, अम्माजी मला आईसारख्या, वगैरे झालं. मग अट आली: दार आजच लावतो, यांनी महिनाअखेर घर खाली करावं. तडजोड घडवायला बसलेल्या साहेबांना हा मधला मार्ग वाटला. कसला मधला? ते आमचंच दार आम्हाला देणार आणि त्याबदल्यात आम्ही घर सोडायचं. हा तर सरळ आमच्या मराठीतला राजीनामा होता.

मी मालकांकडे वळून विचारलं, “भैया, अपनी माँ के बाथरूम का दरवाज़ा निकालते आप?”

“पेंट करवाना था,” ते टेबलाकडे बघत म्हणाले.

मी वकीलबाईंना सांगितलं, आधी दार, आणि करार संपेपर्यंत आम्ही इथेच. एवढं लिहिणार असाल तर सही करते. नाहीतर दावा लावू, असं वकीलबाईंनी मालकांना शांतपणे बजावलं. मालकांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सुतार येऊन दार लावून गेला. सासूबाई आत गेल्या, कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी हाक मारली तर आतून म्हणाल्या, “असू दे गं जरा.”

कारखान्यात सगळे म्हणाले, जिंकलात. काय जिंकले? दार घराबरोबरच घेतलेलं होतं, मुदत करारात लिहिलेली होती. तेवढ्यासाठी मी रजा काढल्या आणि एका म्हातारीनं इतके दिवस चादरीआड अंघोळ केली. हे का केलंत, असं मालकांना त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी विचारलं नाही.

सगळ्यांनी मिठाई मागितली. मी दिली नाही.