लाल पेनाने खोडलेली ओळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि थकलोय, हेही एक कारण. गोष्ट लपवायलासुद्धा रोज थोडं काम करावं लागतं. या वयात ते होत नाही.

महाडात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकांच्या संगतीत राहिलं की माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मला वाटतं, तो फक्त दुसऱ्यांवर हसायला शिकतो. सत्काराच्या शाली, फ्लेक्सवरचे हात जोडलेले चेहरे, उद्घाटनाच्या फिती — या सगळ्यावर मी हसलो. लोकांना ते आवडायचं. ‘सर, तुमची जीभ म्हणजे —’ असं म्हणून ते वाक्य अर्धंच सोडायचे. मला तोही गौरव वाटायचा.

सोप्या भागापासून सुरुवात करतो. गाडीपासून.

पन्नाशीला आल्यावर मी एक लहान गाडी घेतली. ती सर्व्हिसिंगला हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये न्यायचो. तिथे काचा, थंडगार हवा, मशीनची कॉफी, आणि टाय लावलेला एक मुलगा खर्चाची यादी घेऊन समोर बसायचा. इंजिनला पॉलिश, एसीचं निर्जंतुकीकरण, खालून कोटिंग, आतून सुगंध. गाडी आणली होती की नवरी, असा प्रश्न पडावा. मी खिशातून लाल पेन काढायचो आणि त्याच्यासमोर एकेक ओळ खोडायचो. संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर तो प्रसंग रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

त्या यादीत ‘ब्रेक ऑइल बदलणे’ अशी एक ओळ असायची. पूर्ण यादीतली बहुधा सर्वांत स्वस्त. मी तीही खोडायचो. दर वेळी.

तुम्ही म्हणाल, माहीत नसेल. मीही स्वतःला कितीतरी दिवस तेच सांगितलं. पण मी ग्रंथपाल माणूस, छापलेलं काहीही वाचतो. गाडीसोबत आलेली पुस्तिका पहिल्याच आठवड्यात वाचली होती, त्यात ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं स्वच्छ लिहिलं होतं. पुढे मोठं वर्कशॉप सोडून मी गावातल्या दत्ता मेस्त्रींकडे जाऊ लागलो. हा माणूस एक स्क्रूसुद्धा विनाकारण विकणारा नव्हता. तेही म्हणाले, “सर, ब्रेक ऑइल मिठासारखं असतं. हवेतलं पाणी ओढतं. तुमच्या घरी पावसाळ्यात मिठाची बरणी बघता ना? तसंच. मग उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते, नि पाय दाबला की पेडल नुसतं खाली जातं.”

“महाडात माणसंच पाणी ओढून बसलीत दत्ताराम, ऑइलचं काय घेऊन बसलात,” मी म्हणालो. ते हसले. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावं लागतं. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा सांगितलं, त्यापुढच्या खेपेला सांगितलं नाही.

सहा वर्षं. सहा पावसाळे ते ऑइल तसंच होतं.

पण मला सांगायचं आहे ते हे नव्हे. कंजूषपणा कबूल करायला इतकी वर्षं लागत नाहीत.

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ बाळाराम. पोलादपूरच्या वर, डोंगरातली त्यांची वाडी. बावीस वर्षं तो मुंबईत एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवत होता, एक ओरखडा नाही. कंपनी बंद झाली तेव्हा वाडीवर परत आला. मी तोवर नवी गाडी बुक केली होती. जुनी त्याला द्यायची ठरवली. विकत नाही, अशीच. वाडीतून पोलादपूर-महाड माणसं न्यायची-आणायची, तेवढ्यात त्याचं घर चाललं असतं.

दसऱ्याला वाडीवर कार्यक्रम केला. हो, कार्यक्रमच म्हणतो. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, मी नारळ फोडला आणि सगळ्या वाडीसमोर किल्ली त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्यांच्या शालींवर हसणारा मी. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी फोटो काढत होतं आणि मी — खरं सांगतो — किल्ली जरा जास्त वेळ धरून ठेवली.

बाळारामने बॉनेट उघडलं. ड्रायव्हरच तो, त्याला माळेपेक्षा इंजिन बघायचं होतं. वाकूनच त्याने विचारलं, “भावजी, ब्रेक ऑइल कधी बदललंय?”

सगळे ऐकत होते. साधा प्रश्न होता. ‘बदललेलं नाही, आधी ते करून घे,’ एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? माझ्या दानाला एक डाग पडला असता. तेवढंच.

“दोन वर्षं नाही झाली अजून,” मी म्हणालो.

“मग नाय घाई,” तो म्हणाला आणि बॉनेट लावलं. भावजी बोलले म्हणजे झालं.

हेही नव्हे. खोटं बोलणं हे अजून बाहेरचंच अंगण आहे. आत यायला मला वेळ लागतोय, एवढं समजून घ्या.

आमच्याकडे एक सवय आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची. पेट्रोल वाचतं म्हणतात. कशेडीला बघा, वरंधला बघा, वरून सुटली की गाडी आपली गप घरंगळत येते, ड्रायव्हर विडी पेटवतो. सगळा भार मग ब्रेकवर. बाळाराम या सवयीवर चिडायचा. “पाच रुपयांचा पेट्रोल नि पाच माणसांचा जीव, काय हिशोब हाय रे ह्यो?” असं तो पोरांना सुनवायचा. त्याला वाडीत ‘गिअरवाले’ म्हणून चिडवायचे.

पाच महिने गाडी छान चालली. मग फाल्गुनातल्या एका सकाळी तो आईला घेऊन महाडला निघाला, डोळे तपासायला. वाडीखालचा उतार सलग आणि खडा आहे. तिसऱ्या वळणावर पेडल खाली गेलं. दरी डावीकडे होती. त्याने गाडी उजवीकडे, डोंगराला घासत नेली आणि दरडीच्या मातीत घातली. त्याचं मनगट मोडलं. सासूबाईंचं कंबरेचं हाड.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक जमले. ब्रेक कसे गेले, एवढंच जो तो विचारत होता. आणि मी — कोणी मला विचारलंही नव्हतं — मी म्हणालो, “न्यूट्रलला टाकली असेल. सगळेच टाकतात.”

इतकं सहज निघालं ते तोंडातून. लोकांनी माना हलवल्या. सर बोलले होते, आणि सगळेच टाकतात हे खरंही होतं.

बाळाराम आत प्लास्टर घालून घेत होता. बाहेर आल्यावर त्याला हे कळलं. “मी नाय टाकली,” तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दत्ता मेस्त्रींना घेऊन गाडी ओढून आणायला गेलो. ते पुढे दोर बांधत होते. ओरडून म्हणाले, “सर, न्यूट्रल आहे का बघा जरा.”

मी दार उघडलं, आत वाकलो. गिअरचा दांडा दुसऱ्यात होता.

दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणूनच तिचा वेग आवरला होता. न्यूट्रलला असती तर ती तिसऱ्या वळणावर थांबली नसती, आणि माझ्या सासूबाई आज नसत्या. ब्रेक नसतानाही त्याने सगळं बरोबर केलं होतं.

मी दांडा न्यूट्रलला आणला. “आहे,” म्हणालो.

ओढायची तर न्यूट्रल करावीच लागते. कोणीही केली असती. बघा, अजूनही मी हे वाक्य जवळ बाळगून आहे.

तेवढ्यात बाळारामचे चुलते वरून आले. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं, दांडा हलवून पाहिला. तो सैल हलला. “बघा सर, तुमी बोललात तेच. न्यूट्रलला हाय.” वाडीचा निकाल तिथेच लागला. मी रुमालाने हात पुसत होतो.

मेस्त्रींनी बॉनेट उचकटून ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. ऑइल इतकं काळवंडलं होतं की आत कोरा चहा दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहिलं. पुढे ते मुलाकडे पनवेलला गेले. आमच्यात त्याबद्दल शब्द झाला नाही.

त्याच दुपारी दवाखान्यात चुलत्यांनी सर्वांना सांगितलं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “खोटा हाय. मी बाजूलाच बसले होते. इंजान गुरगुरत होता. न्यूट्रलला गाडी गप चालते, येवढा कलतंय मला.”

त्या जे बोलल्या ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्या खोलीत त्याचा पुरावा फक्त मी पाहिला होता.

“आई,” मी म्हणालो, “आता तुम्हीच लायसन काढा.”

सगळे हसले. नर्ससुद्धा हसली. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. खिडकीजवळ उभा असलेला बाळाराम हसला नाही, पण ‘मी नाय टाकली’ हे तो पुन्हा म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

हेच ते. याच्याभोवती मी इतका वेळ फिरत होतो.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. बाळाराम गाडी चालवत नाही. मनगट बरं झालं, पण गणपतीला नि शिमग्याला वाडीवर येणारी मुंबईची माणसं गाडीसाठी आता दुसऱ्याला फोन करतात. तो पोलादपूरला सिमेंटच्या दुकानात असतो. गेल्या वर्षी जेवताना सहज म्हणाला, “माज्याच हातून पडली असंल न्यूट्रलला, भावजी. आता नीट आठवत पन नाय.” बावीस वर्षं ज्या हाताने एक ओरखडा येऊ दिला नाही, त्या हाताकडे तो परक्यासारखा बघत होता. बायकोने मला आमटी वाढली. मी खाल्ली.

सासूबाई काठी धरून चालतात. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ओटीवर बसल्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. “जावय, माजा कोन ऐकत नाय. तुमी शिकलेले. तुमी सांगा त्याला, गाडी गेरात होती म्हनून. तुमचा ऐकंल तो.”

मी म्हणालो, “बघू.” चहा प्यायलो. कप धुऊन ठेवला.

मग उतार उतरलो. नव्या गाडीचं ब्रेक ऑइल मी दर वर्षी बदलतो, पुस्तिकेत दोन वर्षं लिहिलंय तरी. लाल पेन अजून खिशात असतं. तिसऱ्या वळणावर दरडीत अजून खाच दिसते. गवत वाढलंय, पण ठाऊक असलं की दिसते. तिथे पोचण्याआधीच मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली होती. इंजिन गुरगुरत होतं. आत बसलेल्या कोणालाही ऐकू येईल, एवढं मोठ्याने.