खटखटवाला प्रदीप

प्रदीपच्या गाण्याला आम्ही खटखट म्हणायचो. रॅप हा शब्द त्यानं आम्हाला पुष्कळदा शिकवला, पण तो आमच्या तोंडी काही बसला नाही. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, एक कॅसेट वाजायची. तिच्यात कुणी एक पोरगा श्वास न घेता ठेक्यात बडबडायचा. आमचं डोकं उठायचं, प्रदीपचं मात्र फिरलं. कापडाच्या लूमवर उभा राहून, ये-जा करणाऱ्या धोट्याच्या तालावर, तोही तसलंच काहीतरी जुळवायला लागला. मी हेमराज, त्याच्या शेजारच्या लूमवर, त्यामुळे या महाशयांच्या कारकिर्दीचा पहिला त्रास मलाच झाला. ऐकू काहीच यायचं नाही, पण ओठ दिसायचे, आणि हसता हसता माझं लक्ष उडून कापडात डाग पडायचा.

ओठ दिसायचे म्हणजे काय, ते सांगतो. लूमच्या कारखान्यात आवाजाचा उपयोग नसतो. शेठला शिव्या घालायच्या असोत की बिडी मागायची असो, आम्ही नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ते वाचतो. वर्षं गेली की कान जातात. पण कारीगर बहिरा झाला असं कोणी कबूल करत नाही. 'जरा तोंड इकडं कर,' एवढंच म्हणतो आणि वेळ मारून नेतो.

प्रदीपचे वडील श्रीपत आप्पा चाळीसगावकडून सुरतेत आलेले आणि लूमवरच म्हातारे झालेले. डिंडोलीच्या अलीकडे, रेल्वेलाइनच्या कडेला आमची वस्ती. तिथल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचे आप्पा मालकही आणि ढोलकीवालेही. त्यांची ढोलकी सुरू झाली की मांडवातली झोपलेली पोरं उठून बसत. प्रदीप त्यांच्याच मांडीवर ताल शिकला. म्हणून त्याची एकच इच्छा होती, की आपल्या नव्या गाण्यामागे आप्पांनी ढोलकी घेऊन बसावं.

आप्पा बसेनात. घरी तालीम चाले तेव्हा हा पठ्ठ्या भाड्याचा माईक अगदी ओठांना चिकटवायचा, कारण टीव्हीवरचे रॅपवाले तसाच धरतात. आप्पा थोडा वेळ बघायचे, तोंड फिरवायचे आणि आपल्या अहिराणीत म्हणायचे:

"हाई काय गानं शे? माले नुसतं भांडन वाटस. मी ढोलकी वाजाडाव नही."

"आप्पा, एकदा नीट ऐका ना!"

"आयकं ना!" म्हणजे ऐकलं की, असं ओरडून आप्पा बाहेर निघून जायचे.

प्रदीप फार दुखावला. आप्पांना आपलं गाणं हलकं वाटतं, बाबासाहेबांच्या जयंतीला न शोभणारं वाटतं, अशी त्याची समजूत झाली. मला म्हणाला, "हेमराजभाऊ, या जयंतीला एकदा म्हणतो. आप्पा तरीही आले नाहीत तर सोडून देतो. दुसऱ्या ढोलकीवर मला नाही गायचं." मी त्याला वेड्यात काढलं. पण तो बोलल्याप्रमाणे करणार हे मला माहीत होतं.

गाणं होतं पाण्याचं. वस्तीला एकच हापसी, तीही गटाराला खेटून. त्या वर्षी घरोघरी कावीळ झाली. प्रदीपची धाकटी बहीण चैताली पण अंथरुणाला खिळून मग उठली. नळ देतो म्हणून एक पुढारी दर खेपेला सांगून जायचा. शहाण्णवच्या जयंतीला तोच पाहुणा म्हणून मधल्या खुर्चीत हार घालून बसला होता.

संध्याकाळी प्रदीप उभा राहिला. ढोलकी मागे तशीच पडलेली, आणि आप्पा खाली, म्हाताऱ्यांच्या पहिल्या रांगेत, मान खाली घालून. प्रदीपनं माईक ओठांना लावला आणि सुरू केलं:

हापसी हापसली, पाणी पिवळं,
पोरगं झालं पाण्याहून पिवळं!
साहेब आले, फोटो काढला,
नळ कुठं? म्हणे, कागदात गाडला!
पाणी क्यारे? काले, काले!

गुजरातीत क्यारे म्हणजे केव्हा, आणि काले म्हणजे उद्या. आमच्या वस्तीत हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं, मग पुढाऱ्याला कळायला कितीसा वेळ? त्यानं डोळ्यांनी खूण केली, त्याच्या माणसानं वायर उपटली आणि कर्णा मुका झाला.

मांडवात गलका उठला. प्रदीप रडवेला झाला. मग त्यानं तो मेलेला माईक बाजूला फेकला आणि उघड्या तोंडानं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला. त्या गोंधळात आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. पण मांडवात बसले होते कोण? सगळे लूमवाले! जन्मभर गोंगाटात ओठ वाचणारे! पुढच्यांनी वाचलं, मागे वळून बायकापोरांना ओरडून सांगितलं, आणि "पाणी क्यारे?" म्हटलं की सगळा मांडव "काले, काले!" म्हणून उसळायला लागला.

माझी नजर आप्पांवर होती. त्यांनी मान वर केली होती. डोळे प्रदीपच्या ओठांवर, आणि स्वतःचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. दुसऱ्या कडव्याला चैतालीचं दुखणं आलं तसे ते उठले, धोतर सावरत पायऱ्या चढले आणि ढोलकी उचलली. जुनी गाणी पाठ असल्यानं नेहमी मागे बसायचे, तसे आज नाही बसले. थेट प्रदीपच्या समोर, प्रेक्षकांकडे पाठ करून बसले.

"आते तोंड मन्हाकडे ठेव," म्हणाले, आणि पहिली थाप पडली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याला गाणं नावडत नव्हतं, त्या माईकच्या बोंडल्यामागे ओठच दिसत नव्हते! एका कारीगराच्या पोरानं कारीगरासमोर तोंड झाकून गावं! प्रदीपच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो गाता गाता रडत होता आणि एकही शब्द चुकत नव्हता. मीही रडलो, लपवत नाही.

नळ काही त्या गाण्यानं आले नाहीत. प्रदीपची आई प्रभावतीबाई नि वस्तीतल्या बाया रोज सकाळी रिकामे हंडे घेऊन त्या पुढाऱ्याच्या दारात बसायच्या आणि "काले, काले" म्हणायच्या. तो कंटाळला, गल्लीतून हिंडेनासा झाला, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी नळ आले. पहिल्या दिवशी आम्ही मोठी माणसंसुद्धा त्या धारेखाली डोकं धरून उभी राहिलो. मग प्रदीपला बोलावणी यायला लागली. सुरतेजवळच्या सचिन गावात कारखान्याच्या दारात, कतारगामच्या एका मंडळात, कुठे गटाराचं गाणं, कुठे शाळेचं. दिवसा लूम आणि सुट्टीच्या दिवशी खटखट. बापलेक दोघं जायचे.

अठ्ठ्याण्णवला त्यांची कॅसेट निघाली. ती घरी लावलीत तर आवाज जरा लांबून, कडेनं आल्यासारखा वाटेल. लोक रेकॉर्डिंगवाल्याला नावं ठेवतात. त्या बिचाऱ्यानं प्रदीपला माईककडे तोंड कर म्हणून दिवसभर विनवलं होतं. प्रदीपनं ऐकलं नाही. माईकच्या बाजूला आप्पा बसले होते.