श्रीखंडाच्या ताटातलं ऊन

"अहो, श्रीखंडाचं ताट घेऊन कुठे निघालात?" बायकोने जिन्यावरून विचारलं.

"स्मशानात," मी म्हणालो आणि दार ओढून घेतलं. अशी एक्झिट आयुष्यात एकदाच मिळते.

एकविसावं शतक नुकतंच सुरू झालं होतं. दर नोव्हेंबरला इंग्लंडमधल्या मेडनहेड गावातल्या आमच्या चर्चची मंडळी आवारातल्या सैनिकांच्या थडग्यांपाशी पहिल्या महायुद्धाची आठवण म्हणून छोटे लाकडी क्रूस खोचत. मी त्यांच्यात सामील झालो तो, खरं सांगायचं तर, नंतरच्या केकसाठी. सरकारी पांढरे दगड लगेच सापडायचे. पण जे जखमी होऊन घरी आले आणि घरीच गेले, ते साध्या कौटुंबिक दगडांखाली होते आणि त्या दगडांवरची नावं पुसट झाली होती.

आमच्या शेजारच्या इंग्रज आजींचे वडील त्यांतलेच. आजींच्या जन्माआधीच ते गेले. आईने दुसरं लग्न करून गाव सोडलं, आणि आजी इथे परतल्या त्या थेट म्हातारपणी. एवढंच ठाऊक होतं, की वडील आवारातल्या यू नावाच्या जुन्या, दाट झाडाखाली आहेत. तिथे दगड तीन, तिन्ही मुके. नाव वाचल्याशिवाय क्रूस लावायचा नाही, असा मंडळींचा नियम. आजींचा क्रूस गेल्या वर्षापासून पर्समध्येच होता.

"यंदा गुडघे आहेत," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं सांगत नाही."

महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत दिवे माझ्याकडे असायचे. समोरून उजेड टाकला की नायक देखणा. बाजूने टाकला की गालावरचा एकेक खड्डा उठून दिसतो. म्हटलं, दगडाचंही तसंच असणार.

सकाळ दुधाळ होती. नदीवरचं धुकं थडग्यांमधून रमतगमत चाललं होतं. झाडाखाली सावली, म्हणून मी बाहेर उन्हात उभा राहिलो, श्रीखंड वाढायच्या रिकाम्या, चकचकीत स्टीलच्या ताटात ऊन धरलं आणि पहिल्या दगडावर तिरपं सोडलं.

"'प्रिय पत्नी'," आजींनी वाचलं. "हे काही माझे वडील नव्हेत."

दुसऱ्या दगडावर उजेड सरकला, आणि तळ्यातून मासे वर यावेत तशी अक्षरं वर आली.

"हलू नका!" आजी ओरडल्या.

मी श्वाससुद्धा रोखला. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वडिलांचं नाव मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. खाली वाकून क्रूस खोचला. तोवर ऊन ढगाआड गेलं आणि नाव परत दगडात बुडालं.

निघताना सवयीने मी दगडाला म्हणालो, "येतो हं."

"काय म्हणालात?"

"आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात."

आजींनी पर्स मिटली. मग म्हणाल्या, "बाईने काय म्हणायचं?"

"येते."

त्यांनी दगडावर हात ठेवला. "येटे, डॅड." आणि लगेच माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "'पण एवढ्यात नाही', हे कसं म्हणतात?"