लाटंबार्सेत गिटारचे खांदे उतरवून आले

म्हापशातल्या गिटार क्लासच्या सव्वीस वर्षांच्या मास्तरांनी माझा डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "आंटी, हात लहान आहेत तुमचे. रविवारी युकुलेले घेऊन या, नाहीतर ही बॅच सोडा." दोन वर्षं बोटं झिजवलेल्या बाईला हे ऐकवायचं! एफ कॉर्ड लागत नव्हती, हे खरं. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं असतं; मी टाकलं की तारा नुसत्या ठकठक करायच्या. पण हात लहान म्हणूनच तर दुकानदाराच्या सल्ल्याने मुलांच्या मापाची गिटार घेतली होती. युकुलेले म्हणजे चार तारांची, खेळण्याएवढी गिटार. आता आणखी किती लहान व्हायचं?

लाटंबार्सेचा एक मेस्त, म्हणजे सुतार, वाद्यं दुरुस्त करतो असं भाचीने सांगितलं. शुक्रवारी सकाळीच पेडण्याहून निघाले. मोप्याच्या विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सी बसला घासून जात होत्या. म्हापशात बस बदलून डिचोली. (बुधवारी जाऊ नका, बाजारामुळे पाय ठेवायला जागा नसते.) स्टँडजवळ पातळ भाजी आणि पाव खाल्ला, भाजी उत्तम, टेबल पुसायचं फडकं भयंकर. पुढे पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल.

"मावशे, गिटार फुडें दवरूया?"

"गिटार माझ्या पाठीवर राहील. आणि वीसच्या वर जायचं नाही."

"वीसार गाडी पडटली गे!"

काजूच्या बागांमधून तो चाळीसने गेला. मी डोळे मिटून कॉन्व्हेंटमधल्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या.

मेस्त अंगणात बसून कोयत्यांना दांडे घालत होता. माझी तक्रार ऐकून त्याने हाताकडे पाहिलंच नाही. एक दोरा घेतला, माझ्या गिटारच्या मानेभोवती गुंडाळला आणि मापाला गाठ मारली. मग आतून बायकोची मोठी, पूर्ण मापाची गिटार आणून तिच्या मानेला तोच दोरा लावला. दोरा बोटभर उरला!

मी थक्क झाले. माझ्या छोट्या गिटारची मान मोठ्या गिटारच्या मानेपेक्षा जाड?

"हात ल्हान न्हय, बाय. मान मोटी." त्याने माझ्या हातात एक कोयता दिला. मूठ सहज मिटली. बायकांच्या कोयत्याचा दांडा तो बारीक करत नाही, म्हणाला. दोन्ही बाजूंचे खांदे, म्हणजे कडांचा फुगवटा, तेवढे उतरवतो. खांदे राहिले की अंगठा मागे जात नाही, तळवा मध्ये अडकतो आणि बोटं तारांपर्यंत जाईतो संपतात.

त्याची बायको सुशीला हे ऐकत उभी होती. तिने आपला पंजा माझ्या पंजाला लावला. माझ्याहून पेरभर लहान! मग तीच मोठी गिटार मांडीवर घेऊन तिने एफ कॉर्ड अशी वाजवली की सहाही तारा स्वच्छ बोलल्या.

"भजनाक पेटी वाजोवपी येना तेन्ना हांव हेंच वाजयतां," ती म्हणाली.

खरा धक्का पुढे होता. मेस्ताने तारा उतरवल्या आणि कानस नाही, रंधा नाही, खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा उचलला.

"अहो, काच? माझ्याकडे ही एकच गिटार आहे!"

"रंदो चड काडटा. कांच मागता तितलेंच काडटा." रंधा हवं त्यापेक्षा जास्त लाकूड खातो म्हणे.

मानेच्या मध्याला त्याने हात लावला नाही, आत लोखंडी सळी असते म्हणून. दोन्ही कडांवरून काच ओढत राहिला. पॉलिशचे, मग लाकडाचे केसासारखे कुरळे तुकडे माझ्या साडीवर पडत होते. दीड तास मी ते पदरात गोळा करत बसले. शेवटी घासकागद, तेलाचा हात, तारा. चारशे रुपये आणि सुशीलाच्या हातची सोलकढी.

तुम्ही जाणार असाल तर जादा तारा न्या आणि महागडी गिटार नेऊ नका. तासलेलं लाकूड परत बसत नाही आणि कंपनीची हमी तिथेच संपते.

संध्याकाळी घरी बाल्कनीत बसले. अंगठा मानेमागे आपसूक गेला. बोट आडवं टाकून एकेक तार छेडली.

"पाच," पेपरातून डोकं न काढता आमचे हे म्हणाले.

"सहा आहेत."

"वाजल्या पाच."

दुसरी तार मुकीच होती. दोन वर्षं मी आधी हाताला, मग मास्तरांना, मग दुकानदाराला बोल लावला. आता हातात होतं ते माझ्याच मुठीच्या मापाचं लाकूड. बोल लावायला कुणी उरलं नव्हतं. बोट केसभर वर सरकवलं आणि पुन्हा छेडलं.

"पाच," हे म्हणाले.

रविवारी मी हीच गिटार घेऊन जाणार आहे.