सर्वांत खालची फळी

माझी ताई कॉलेजची ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षं झाली, आणि या सव्वीस वर्षांत तिनं कपाटांची सर्वांत खालची फळी कधी भरली नाही. ग्रंथालय तळघरात आहे. भिंतींना ओल येते, कधी जमिनीवर पाणीही साचतं. "ती फळी पाण्याची," असं ती म्हणते, बसमधली राखीव जागा दाखवावी तसं.

ग्रंथालय वरच्या मजल्यावर न्या म्हणून तिनं सतरा अर्ज केले. उत्तर दर वेळी तेच : विषय विचाराधीन आहे. मी शिवणकाम करते. माझ्याकडून एक ब्लाउज दोन दिवस उशिरा गेला तर गिऱ्हाईक दारात येऊन माझा उद्धार करतं. इथं सतरा अर्ज, आणि कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

मग कॉलेजची शंभरी आली. प्राचार्यांनी ताईला बोलावून सांगितलं, की माजी विद्यार्थ्यांकडून निधी जमवायचा आणि त्यातून ग्रंथालय वर हलवायचं. कार्यक्रम मात्र भाषणांचा नको, 'इमर्सिव्ह' हवा, आणि तो ताईनंच आखायचा. ताई त्या दिवशी माझ्याकडे पेढे घेऊन आली नाही एवढंच, बाकी चेहरा तसाच होता.

पहिल्याच सभेत घोडं अडलं. कॉलेज मिशनचं. समितीतल्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांनी 'इमर्सिव्ह' या शब्दाचा अर्थ विचारला.

"म्हणजे," प्राचार्य म्हणाले, "पाहुण्यांना अनुभवात पूर्ण बुडवून काढायचं."

"बुडवून? अहो, आपल्याकडे बाप्तिस्म्याला पाणी शिंपडतात. बुडवणारे ते पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चचे!"

पुढचा अर्धा तास शिंपडणं आणि बुडवणं यावर गेला. ताईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून मशीन थांबवलं. ती हसली नाही.

तिची कल्पना साधी होती. जुन्या देवघेव-वह्यांमध्ये पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकाची सही आहे. पाहुणा आला की त्याचं पान काढायचं, त्यानं विशीत नेलेलं तेच पुस्तक त्याच्या हातात द्यायचं आणि पंधरा मिनिटं त्याला वाचू द्यायचं. जाताना ओल्या भिंतीला हात लावायला सांगायचं. बस, एवढंच. त्या वह्यांत आमच्या आईचीही एक सही आहे. आई वसतिगृहाच्या चादरी धुवायची. तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी तिला नियम मोडून एक पुस्तक दिलं होतं, कपडे बेतण्याचं. तीन अक्षरांची वाकडी सही. माझं पोट आज त्या पुस्तकावर चालतं.

समितीला हे फारच 'कोरडं' वाटलं. त्यांनी एक नेपथ्यवाला आणला. त्याला संस्थापक ज्या जहाजातून आले ते जहाज हवं होतं, धूर हवा होता, लाटांचा आवाज हवा होता. "वातावरण पाहिजे, मॅडम, वातावरण!" ताईनं नाना परीनं समजावलं, शेवटी हात टेकले. एकच गोष्ट त्याच्याकडून वदवून घेतली : खालच्या फळीला हात लावायचा नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तिला सकाळपासून पाहुण्यांच्या स्वागताला वर उभं केलं. तेवढ्यात त्यानं व्हायचा तो घोळ घातला. रिकामी फळी फोटोत बोळक्या तोंडासारखी दिसते म्हणून त्यानं सगळ्या देवघेव-वह्या आणि कितीतरी जुनी पुस्तकं तिच्यावर मांडली. कोपऱ्यातल्या जुन्या नळाला ताईनं सुतळी गुंडाळून 'उघडू नये' अशी चिठ्ठी बांधली होती. तीही कुरूप दिसते म्हणून काढून टाकली. मी दाराशी पडद्याची दुमड घालत बसले होते. मला वाटलं, ताईला विचारूनच करत असेल. ही माझी चूक, आणि ती मला अजून टोचते.

चार वाजता पाहुणे खाली उतरले. चहावाल्याला भांडी विसळायला पाणी हवं होतं, त्यानं तो नळ फिरवला. भिंतीतला गंजका पाइप फुटला आणि पाणी धो धो जमिनीवर आलं.

ताई जिन्यावरून धावत आली. "उचला! आधी खालचं उचला!" ती ओरडली आणि तिनं साडीसकट पाण्यात गुडघे टेकले. मी वह्या ओढायला लागले. धूर सुटलेला, लाटांचा आवाज चालू, आणि मागून टाळ्या.

होय, टाळ्या. "काय जिवंत अभिनय आहे!" कुणीतरी म्हणालं. दोघांनी मोबाइल काढले. चार जण पुढे येऊन पुस्तकं हातोहात द्यायला लागले, पण तेही हसत हसत, खेळात घेतल्यासारखे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मेन कॉक बंद व्हायला दहा मिनिटं लागली. मग सोनेरी चष्म्याचे एक गृहस्थ डोळे पुसत प्राचार्यांकडे आले. सगळ्यांत मोठे देणगीदार तेच. "पाहिजे तेवढे देतो," ते म्हणाले, "पण एका अटीवर. हे तळघर असंच ठेवायचं. दर वर्षी हा अनुभव झाला पाहिजे."

ताईच्या हातात ओली वही होती. "साहेब," ती प्राचार्यांना म्हणाली, "हे खरं पाणी आहे, सांगा ना त्यांना."

"मॅडम, आत्ता नको," प्राचार्य हळूच म्हणाले आणि त्यांनी त्या गृहस्थांचा हात दोन्ही हातांत घेतला.

घरी आल्यावर ताईनं आईचं पान उघडलं. सहीच्या जागी निळा डाग होता. आम्ही दोघी रडलो. मी शिव्याही दिल्या, ताईनं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिनं मला कॉलेजात नेलं. समितीची खोली वरच्या मजल्यावर आहे. कोरडी, दोन्ही बाजूंनी ऊन. शिपायानं काही न विचारता किल्ली दिली. आम्ही खेपा घालून घालून ओली पुस्तकं वर आणली आणि उघडून मांडली. लांबलचक टेबलावर, खिडक्यांत, एकूण एक खुर्चीवर. आईच्या पानाची वही ताईनं प्राचार्यांच्या खुर्चीवर ठेवली.

अकराला समिती देणगीदारांच्या आभाराचा ठराव करायला आली आणि दारातच थबकली.

"मॅडम, हे काय?" प्राचार्यांनी विचारलं. "आम्ही बसायचं कुठं?"

"पुस्तकं वाळली की बसा," ताई म्हणाली.

"आणि ती वाळणार कधी?"

ताईनं एक पान बोटानं चाचपलं आणि उलटलं. "विषय," ती म्हणाली, "विचाराधीन आहे."