आताच डोला मारलान मना

चांगुणा कोळणीला कुणी विचारलं, "काय गो, मासा ताजा आहे ना?" की ती विचारणाऱ्याकडे बघायचीच नाही. आधी पाटीतल्या माशाकडे बघायची आणि मग म्हणायची, "ताजा? आताच डोला मारलान मना!" माशाला पापणी नसते, तो डोळा मारणार कुठून, हे रोह्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक. तरी गिऱ्हाईक हसायचं, आणि एकदा हसलं की संपलंच, हसलेल्या तोंडाने भाव पाडता येत नाही. जो हसायचा नाही त्याच्या सात पिढ्या ती तिथेच पाण्यात धुऊन काढायची.

माझी तिची पहिली भेट म्हणजे भांडणच. मी गागोद्याकडची, भातशेतीवाल्यांची पोर. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातला नाहीतर सुका. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा सासूबाईंनी शिकवून पाठवलं होतं की कल्ले उचलून बघायचे, लाल असले तरच घ्यायचा. मी गेले आणि तिच्या पाटीतल्या सुरमईचा कल्ला उचलला. तिने कोयती माझ्या मनगटावर आडवी ठेवली. "हात काढ गो! तुझ्या लग्नात तुझं तोंड असं उचकून बघलंवतं का नवऱ्यानं?" सगळी कोळणींची रांग खो खो हसली. मी तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि ह्यांना सांगितलं, त्या बाईकडे आता मरेपर्यंत जायची नाही.

पण उत्तर सुचायला मला आठवडा लागला, आणि सुचलेलं उत्तर घरात ठेवून काय करायचं? पुढच्या बाजाराला गेले नि म्हटलं, "तोंड उचकून बघितलं नाही, म्हणून तर फसला बिचारा. मी नाही फसणार." ती हसली नाही हो. माझ्याकडे रोखून बघितलं, आणि मासा कापून दिल्यावर वर चार बोंबील टाकले. "घे. तोंड चालवायला बल लागल."

तेव्हापासून आमचं सुरू झालं ते वर्षानुवर्षं सुरूच राहिलं. मी एकदा माझ्या शेजारणीला, सुमनला, घेऊन गेले होते. सुमन पेणची. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. मी कौतुकाने म्हटलं, "सुमन, ही माझी मैत्रीण, चांगुणा." तर ही बाई कोयती थांबवून म्हणते कशी, "मैतरीण कोन? तू गिऱ्हाईक हायस. मैतरीण झालीस तं उद्या फुकट मागशील." सुमन माझ्या कानात म्हणाली, "ही जीभ आहे की करवत?" तिला वाटलं ऐकू गेलं नाही. गेलं होतं. "करवत बोलतेस? मंग मान म्होरं कर."

तिचे डोळे जाताहेत हे पहिल्यांदा सुमनच्याच ध्यानात आलं. मला आपलं वाटत होतं की म्हातारपणाने तिचा माज वाढलाय, बाजूला येऊन उभं राहिलं तरी बघत नाही. सुमन म्हणाली, "तसं नाही. ती कोंबडीसारखी अख्खी मान वळवते, बघ. तिला समोरचंच दिसतंय, कडेचं नाही." त्याच दिवशी चांगुणाने कोयतीने बोट कापून घेतलं. चाळीस वर्षं ती कोयती चालवली, तेव्हा कधी खरचटलं नव्हतं. आम्ही दोघींनी तिला पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे ओढलं. एस्टीत ती आम्हाला, कंडक्टरला आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडांनासुद्धा शिव्या देत होती.

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय तेवढं औषधाने सांभाळायचं, किती टिकेल सांगता येत नाही. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसत होतं. परतीच्या एस्टीत ती गप्प. नागोठणं मागे पडलं तरी गप्प. चांगुणा गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती, मला भीतीच वाटली. मग एकदम म्हणाली, "मी जिता कुपा कवा बघलाच नाय."

कुपा म्हणजे हॉटेलवाले ज्याला टूना म्हणतात तो. काळपट, गुबगुबीत, रक्ताळ मासा. खोल दर्यातला. किनाऱ्याला येतो तो बर्फातूनच. तिच्या मुलाची, दामूची, रेवदंड्याला बोट होती. तो तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, रात्र दर्यात काढून कुपे धरून आणायचा, आणि ही विकायची. आयुष्यभर त्या माशाने डोळा मारला म्हणून सांगितलं, आणि मारताना एकदाही बघितलं नाही. सुमन म्हणाली, "अगो, मोबाइलवर दाखवते तुला, व्हिडिओ आहेत ढीगभर." चांगुणा म्हणाली, "मोबाइलात वास येतो का? मंग ठेव तुझ्या पिशवीत."

दामूला विचारलं तर तो उसळलाच. बाईमाणूस मासेमारीच्या बोटीवर चढत नाही, चढली तर गळाला मासा लागत नाही, हे त्याच्या बापाने, बापाच्या बापाने पाळलेलं. वर ही दोन पाहुण्या घेऊन आलेली! कारण आम्हीही निघालो होतो. तिला एकटी पाठवायची तर बोटीवर मारामाऱ्या होतील, असं आमच्या घरी सांगितलं. खरं म्हणजे आम्हालाही जायचं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. धक्क्यावर आम्ही तिघी पिशव्या घेऊन उभ्या, आणि दामू आमच्याकडे पाठ करून दोऱ्या गुंडाळतोय. "आये, घरी जा. माज्या पोटावर पाय देऊ नको."

"पोटावर? माझ्या पोटातनं आलास नं तू?"

"नाय बोललो ना! बाय चढली तं खलाशी उतरतील."

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आई चांगुणा. ती तिकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो नाव कोनाचा? माझं नाव दर्यात चालतं, मीच नाय चालत?" दामू दोऱ्याच गुंडाळत राहिला. मग तिने काय करावं? पिशवीतून कोयती काढली, ओणवी झाली, आणि धक्क्याला टेकलेल्या त्या नाळेवरचा रंग खरवडायला लागली. "नाव परत दे माझं. मंग जातंय घरी." खर्र, खर्र. पिवळे पापुद्रे पाण्यात पडायला लागले. पहिलं अक्षर अख्खं गेलं, तसा दामू धावत आला. बोटीचं नाव पुसणं म्हणजे बाई चढण्याहून वाईट. "चढ!" तो ओरडला. "चढ, आनी मासा नाय लागला तं जल्मात माज्याशी बोलू नको."

"आता तरी कुटं गोड बोलतोस," असं म्हणत ती चढली. एक खलाशी तेवढ्यात खरंच उतरून निघून गेला. जाताना आमच्याकडे बघून थुंकला. सुमनने खालचं नाव वाचलं. "ई चांगुणा." मला हसू आवरेना, पण दामूचा चेहरा बघून पदर तोंडात कोंबला.

त्या रात्रीचं काय सांगू तुम्हाला. किनारा दिसेनासा झाला आणि दर्याने आम्हाला झोडायला सुरुवात केली. ज्याचा आमच्यावर राग नव्हता असं त्या बोटीवर कुणी नव्हतंच, त्यात दर्याची भर. नारिंगी जाकिटं घालून आम्ही मांजराच्या पिल्लांसारख्या एका कोपऱ्यात. मी ओकले, सुमन ओकली, आणि हो, चांगुणाही ओकली! कोळणीला बोट लागली म्हणून खलाशी फिदीफिदी हसले. ती मान वर करून म्हणाली, "हसता कनाला? तुमच्या आया तरी इथवर आल्या का?" आणि परत ओकली. कुणी आम्हाला पाणी विचारलं नाही. दामूने एकदा येऊन चहा ठेवला, म्हणजे आदळला. रात्रभर दोऱ्या रिकाम्या. तो दर खेपेला गळ वर ओढायचा, आमच्याकडे बघायचा, आणि परत सोडायचा. त्याचं ते बघणं लाटांपेक्षा जास्त लागत होतं. चांगुणा डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, "झोपलीस?" तर म्हणाली, "नाय. नजर वाचवून ठेवतंय."

उजाडताना पक्षी आले. पुढे पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं, बारके मासे जीव घेऊन वर उडत होते. दामू ओरडला, दोरी ताठ झाली, दोघांनी पाय रोवून ओढली, आणि फळ्यांवर काहीतरी धाडकन पडलं. बोट थरथरली. कुपा असा आपटतो की जवळ उभ्या माणसाचा पाय मोडेल, म्हणून वर आला की लगेच दांडक्याने मारायचा, अशी रीत. खलाशाने दांडकं उचललं.

"थांब! मारू नको!"

"आये, सरक मागं! मांस खराब व्हतंय!"

ती सरकली नाही. त्या आपटणाऱ्या धुडासमोर गुडघ्यांवर बसली आणि तोंड इतकं जवळ नेलं की शेपटीचं पाणी तिच्या कपाळावर उडत होतं. नळीएवढी नजर तिची, ती त्या माशावरून डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सरकवत होती. मी तेव्हा कठड्यावर वाकलेली होते, माझं ओकणं चाललं होतं. वळले तोवर रंग उतरत आले होते. निळं काहीतरी पाठीवरून पळालं, पोटाजवळ सोनेरी झळकलं, आणि मग कुणी फडकं फिरवावं तसा तो राखाडी होत गेला. सुमनने सगळं बघितलं. जन्मभर रंग कालवलेली ती बाई, नुसती म्हणाली, "हा रंग आमच्या कारखान्यात नव्हता."

चांगुणा उठली. दामूकडे बघून म्हणाली, "बघला. मार आता." आणि मग स्वतःशीच, "म्हंजे मी येवरी वरसा मयतच इकली."

त्यानंतर दोऱ्यांना मासेच मासे लागले. खलाशांचे चेहरे बघण्यासारखे होते, पण कुणी चांगला शब्द बोललं नाही, आणि तिलाही तो नको होता. धक्क्यावर सुमन म्हणाली, "अगो, ते अक्षर मी रंगवून देते, माझा हात अजून स्थिर आहे." चांगुणा म्हणाली, "ऱ्हाउंदे. दिसूंदे त्याला रोज."

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन बाजारात हजर. खांब गावाहून आलेल्या एका माणसाने कुप्याला बोट लावून विचारलं, "मावशी, ताजा आहे का?" मी शेजारीच होते. आता ती डोळा मारलान म्हणणार म्हणून हसायच्या तयारीत होते. ती माशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे नाय. ताजा मी काल बघला. ह्यो त्याची राख हाय. घ्यायची तं घे."

तो माणूस पुढच्या कोळणीकडे गेला. मी म्हटलं, "अगं, धंदा बुडवशील." तर खेकसली, "तुना काय? तू गिऱ्हाईक, तू घे." मी घेतला. डोळा मारल्याचं ती पुन्हा कधीच म्हणाली नाही. पुढे डोळे पार गेले, तरी बोटांनी चाचपून मासा कापायची आणि आवाजावरून माणूस ओळखून शिव्या द्यायची. शिवी एकही चुकली नाही.

गेल्या श्रावणात ती आजारी असल्याचं कळलं. मी आणि सुमन खाडीकाठच्या तिच्या घरी गेलो. खाटेवर पडली होती, डोळे उघडे, छपराकडे. पावलं ऐकून म्हणाली, "कोन?"

म्हटलं, "गिऱ्हाईक."

"बाजार उठला गो. उशीर केलास."

मी तिच्याजवळ बसले. एवढी वर्षं भांडलो, आजारी माणसाशी भांडता येत नाही. मग वाटलं, तिला ते आठवून द्यावं, बरं वाटेल. म्हटलं, "चांगुणा, तो कुपा आठवतो ना? काय निळा होता, नाही?"

तिचे ओठ वाकडे झाले. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ गोळा करून ती म्हणाली, "निला बोलतेस? निलाच व्हता का नुसता? तुना काय ठावं! तू ओकत हुतीस."